खुनी सोलापुरात का येत नाही?

मागच्या सेमिस्टरला व्हायव्हाच्या आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत माझ्या रूममधला दिवा चालू होता आणि राऊंडला आलेल्या रेक्टर मॅडमना वाटलं, पोरगी अभ्यास करतेय. मॅडम, आता सांगूनच टाकते. हातात मायक्रोप्रोसेसरचं पुस्तक होतं हे खरं, पण त्याच्या आत एक पातळसं, पिवळ्या पानांचं, अर्धं कव्हर गळालेलं पुस्तक होतं. बाबूराव अर्नाळकरांचं. झुंजार संकटात होता आणि त्याला तिथे तसाच सोडून झोपणं मला शक्य नव्हतं. व्हायव्हाचं काय झालं ते विचारू नका.

तर सांगायचा मुद्दा असा, की मी मूळची विरारची. शाळा कॉन्व्हेंट. वर्गात मराठी बोललं की दोन रुपये दंड, आणि मराठी हा फक्त शंभर मार्कांचा एक विषय, तोही गाईडमधून उरकायचा. (हा लेख आधी वाचणाऱ्या मैत्रिणीने माझ्या किती वेलांट्या बदलल्या ते तिलाच विचारा!) पाचवीत फेमस फाइव्ह, सातवीत नॅन्सी ड्रू, नववीत होम्स, दहावीच्या सुट्टीत अगाथा ख्रिस्ती, या क्रमाने मी वाढले. बेकर स्ट्रीट कुठे, पॅडिंग्टन स्टेशन कुठे, हे मला पाठ होतं. गिरगाव कुठे ते विचारलं असतं तर चर्नी रोडला उतरून कोणाला तरी विचारलं असतं.

आणि गंमत बघा. विरार स्टेशनवरून एसटीत बसलं की थोड्याच वेळात अर्नाळा येतं. शाळेची पिकनिक तिथेच जायची. समुद्र, होडी, पलीकडे बेटावर किल्ला. पण या गावाचं नाव लावणाऱ्या एका माणसाने मराठीत हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आहेत, हे विरारमध्ये अठरा वर्षं राहूनही मला कोणी सांगितलं नाही. ते कळलं सोलापुरात आल्यावर. माझी रूममेट अक्कलकोटची. तिच्या आजोबांच्या ट्रंकेत झुंजार आणि काळापहाड यांची चळत होती. दिवाळीनंतर ती त्यातली सहा घेऊन आली आणि मी पहिलं उघडलं तेव्हा म्हणाली, "काय वाचूलालीस गं? तुला समजूलालंय का?"

पहिल्या दिवशी फारसं समजलं नाही. 'हस्तक' म्हणजे काय, 'सुगावा' म्हणजे काय, 'बेमालूम' म्हणजे काय, सगळं तिलाच विचारलं. तिसऱ्या पुस्तकापर्यंत विचारायची गरज उरली नाही. दहा वर्षं गाईडला जमलं नाही ते झुंजारने पंधरा दिवसांत केलं.

बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906, मृत्यू 1996. झुंजार आणि त्याची विजया, काळापहाड, होम्स-वॉटसनची आठवण करून देणारे धनंजय आणि छोटू, ही सगळी त्यांचीच माणसं. समीक्षकांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, पण लायब्ररीत त्यांची पुस्तकं हातोहात फिरायची. रूममेटचे आजोबा सांगतात, एकाचं वाचून व्हायच्या आत दुसरा दारात उभा असायचा.

आमच्या एका सरांनी माझ्या हातात पुस्तक बघून म्हटलं, "वाचायचंच तर काहीतरी चांगलं वाच." सर मनाने फार चांगले आहेत, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, की रहस्यकथेत चांगलं-वाईट ठरवायचं कसं? शेवटी मी स्वतःपुरती एक टेस्ट काढली. इंजिनीअर आहोत, टेस्टिंगशिवाय चैन पडत नाही. टेस्ट अशी: कथेतला गुन्हा उचलायचा आणि दुसऱ्या गावात नेऊन ठेवायचा. तिथेही तो जसाच्या तसा उभा राहिला, तर कथेतलं गाव हा नाटकातला मागचा पडदा. पण गाव बदलल्याबरोबर गुन्हाच कोसळला, तर ते गाव त्या कथेतलं खरं पात्र.

आता ही टेस्ट माझ्या लाडक्या अगाथाबाईंना लावू. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस', 1934. बर्फात अडकलेली ट्रेन, डब्यात खून, खुनी डब्यातच. हीच ट्रेन म्हणजे आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस समजा आणि पावसाळ्यात दरड कोसळून ती बोरघाटात अडकली असं धरा. कथा बऱ्यापैकी उभी राहते की! 'डेथ ऑन द नाइल', 1937. इजिप्त आहे, देवळं आहेत, नदी आहे, पण जे मरतात, मारतात आणि ज्यांच्यावर संशय येतो ते जवळजवळ सगळे बाहेरून आलेले टूरिस्ट. इजिप्तची माणसं बोट चालवतात आणि सामान उचलतात. हीच बोट वसईच्या खाडीत आणली तरी पॉयरोचं काही अडणार नाही. ख्रिस्तीबाई मला आजही आवडतात, कोडं घालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण त्या वाचून इजिप्त कळलं असं मी म्हणणार नाही.

उलट बोट्स्वाना घ्या. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ या स्कॉटिश लेखकाने 1998 मध्ये 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' लिहिलं. त्यातली प्रेशस रामोत्स्वे ही बाई वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. गुरं विकून! तिच्याकडे येणाऱ्या भानगडीही तशाच घरगुती. हरवलेला नवरा, भामटा नातेवाईक. ती झाडाखाली बसते, लाल बुश चहा पिते आणि लोकांना बोलतं करते. ही बाई लंडनमध्ये नेऊन ठेवा, दुसऱ्या दिवशी एजन्सी बंद पडेल.

स्वीडनमध्ये माय शोवाल आणि पेर वालो या जोडीने 1965 ते 1975 या काळात मार्टिन बेकची दहा पुस्तकं लिहिली. सरकार सगळ्यांची काळजी घेतं अशी ख्याती असलेल्या देशात माणूस एकटा कसा पडतो, ते त्या दहा पुस्तकांत हळूहळू उघडत जातं. आणि जपानच्या केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' (2005) तर प्रत्येक इंजिनीअरिंगवाल्याने वाचावं. त्यात खून कोणी केला हे सुरुवातीलाच कळतं, तरी शेवटपर्यंत पुस्तक खाली ठेवता येत नाही. त्यातला गणिताचा मास्तर रोज सकाळी नदीकाठच्या बेघर लोकांच्या झोपड्यांवरून चालत शाळेला जातो. ते वर्णन घाईने वाचू नका, एवढंच सांगते. त्याच्यावर 2023 मध्ये 'जाने जान' आला, तोक्योचं कालिंपाँग करून. धुकं छान आहे.

टेस्टला एक अपवाद मात्र मला पुरून उरलाय, आणि तो आपल्याच मुंबईचा आहे.

एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने 1964 मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहिलं. डिटेक्टिव्ह कोण? बॉम्बे सीआयडीचे इन्स्पेक्टर गणेश घोटे! पुस्तकाला इंग्लंडच्या रहस्यकथा लेखकांच्या संस्थेचा गोल्ड डॅगर मिळाला. 1988 मध्ये त्यावर सिनेमा निघाला, त्यात नसीरुद्दीन शाह घोटे झाले. पण हे पुस्तक लिहिताना कीटिंगसाहेबांनी भारत पाहिलेलाच नव्हता. नकाशे आणि पुस्तकं वाचून मुंबई उभी केली. प्रत्यक्ष मुंबईत पाऊल ठेवलं ते जवळजवळ दहा वर्षांनी, तोवर घोटेंची कितीतरी पुस्तकं निघून गेली होती. मी मुद्दाम चुका शोधत वाचलं. चुका आहेत. घोटेंच्या बायकोचं नाव प्रोतिमा, हे काही गिरगावातलं वाटत नाही. पण साहेबासमोर उभं राहिल्यावर घोटेंच्या पोटात येणारा गोळा, मोठ्या माणसाच्या बंगल्यात प्रश्न विचारताना होणारी त्यांची अवस्था, आणि तरीही प्रश्न विचारायचं न सोडणं.. हे अगदी ओळखीचं वाटलं. आमच्या सोसायटीत एक हवालदार काका राहायचे, हुबेहूब तसेच. न पाहता हे कसं जमलं असेल? अर्थात रहस्यकथेचा जन्मच असा आहे. एडगर अ‍ॅलन पो या अमेरिकन माणसाने 1841 मध्ये पहिली डिटेक्टिव्ह कथा लिहिली ती पॅरिसमधली, आणि पॅरिस त्यानेही पाहिलं नव्हतं.

घोटेंवरून एक गोष्ट लक्षात आली आणि थोडी बोचली. महाराष्ट्रात येऊन तपास करून गेलेली पाहुणेमंडळी बरीच आहेत. सत्यजित राय यांचा फेलूदा मूर्तीचोरांच्या मागावर वेरूळच्या कैलास लेण्यात येतो, पुढे मुंबईतही येतो. अशोक जैन यांनी फेलूदा मराठीत आणलाय, जरूर वाचा. व्योमकेश बक्षी तर आणखी जवळचा. त्याचे लेखक शरदिंदू बंद्योपाध्याय हिंदी सिनेमासाठी मुंबईत आले आणि 1952 पासून पुण्यात राहिले. 1970 मध्ये ते गेले तेव्हा व्योमकेशची एक कथा अर्धी राहिली होती. म्हणजे कोलकात्याच्या गल्ल्यांतला व्योमकेश कितीतरी वर्षं पुण्यात लिहिला जात होता. एका कथेत तो महाबळेश्वरलाही येऊन जातो. (हॉस्टेलवाल्यांसाठी खास माहिती: व्योमकेशची पहिली कथा एका मेसमध्येच घडते. आपल्या मेसमध्ये फक्त बटाट्याच्या भाजीतल्या बटाट्याचं रहस्य आहे.)

आणि आपले? आपले काही कमी नव्हते. गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, सुहास शिरवळकरांचे फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद. शिरवळकर 2003 मध्ये गेले, नाईक 2021 मध्ये. 'दुनियादारी' सिनेमा आपल्यातल्या प्रत्येकाने तीन-तीनदा बघितलाय, पण ती कादंबरी लिहिणाऱ्याने दारा बुलंदही लिहिला हे आमच्या विंगमध्ये दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक मी.

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर माझ्या टेस्टमध्ये झुंजार बऱ्याचदा नापास होतो. भरधाव गाड्या, आलिशान बंगले, तिजोऱ्या, पिस्तुलं.. ही मुंबई लंडनवरून बेतल्यासारखी वाटते. मजा येते, पण लालबागचा गिरणीवाला किंवा दादरचा कारकून त्या मुंबईत कुठे राहत असेल ते कळत नाही. आणि पुढच्या मंडळींचंही बरंचसं मुंबई, पुणे किंवा थेट सीमेपलीकडे. मला हे खटकतं. कारण जे गाव गुन्ह्यासाठी सगळ्यात योग्य आहे तिथे कोणी फिरकतच नाही.

सोलापूरकरांनी रागावू नये, हे कौतुक आहे! इथल्या एका पोलीस स्टेशनचं नावच फौजदार चावडी आहे. हे नाव विरारला असतं तर मी आतापर्यंत त्यावर कादंबरी लिहून मोकळी झाले असते. बंद पडलेल्या गिरण्या आहेत, मधोमध भुईकोट किल्ला आहे, बाजूला तलावात सिद्धेश्वरांचं देऊळ आहे, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेची तोबा गर्दी आहे. पण ही सगळी सीन-सिनरी झाली. खरी गोष्ट आत आहे. यंत्रमागाच्या वस्तीत दिवसभर खडखडाट चालतो, तिथे कोणी ओरडलं तरी शेजारच्याला ऐकू जाणार नाही. पण माग अचानक थांबला तर मात्र अख्ख्या गल्लीला कळतं. उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायका बघा. गल्लीत कोण आलं, कोण गेलं, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. रूममेटबरोबर एकदा पूर्व भागात तिच्या मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या आईला विचारलं, "पोस्टमन कधी येऊन गेला?" तर त्या घड्याळाकडे न बघता सुपातल्या विड्यांकडे बघून म्हणाल्या, "दोनशे झाल्या होत्या तेव्हा." हा साक्षीदार होम्सच्या नशिबात नव्हता.

आणि भाषा. एका चौकात मराठी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात कन्नड, चौथ्यात दखनी. इथे तपास करणाऱ्याला भिंग नसलं तरी चालेल, चार भाषा मात्र हव्यात. हे मी ऐकीव सांगत नाहीये, आमच्याच हॉस्टेलमध्ये घडलंय.

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या वर्गणीचं पाकीट आमच्या विंगमधून गायब झालं. तीन हजार दोनशे रुपये. ज्या मुलीच्या टेबलावर होतं ती रडून रडून अर्धी झाली. त्या सकाळी रूममध्ये झाडायला मावशी येऊन गेल्या होत्या. मावशींची भाषा तेलुगू, मराठी तोडकंमोडकं. आम्ही आठ-दहा जणी त्यांच्याभोवती उभ्या राहिलो आणि विचारलं, "मावशी, पाकीट तुम्ही उचललं का?" त्या म्हणाल्या, "हां, उचलली की."

झालं! कबुली मिळाली. पुढे त्या आणखी काहीतरी म्हणत होत्या, पण तोवर सगळ्या एकदम बोलायला लागल्या होत्या. कोणी रेक्टरना बोलवायला धावली, कोणी म्हणाली पिशवी बघा. मावशी पिशवी उलटी करून दाखवून निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून कामावर नाहीत.

पाचव्या दिवशी सबमिशनच्या जर्नल्स सही होऊन परत आल्या आणि त्या मुलीच्या जर्नलमधून पाकीट खाली पडलं. तीन हजार दोनशे. मोजून.

तेव्हा रूममेट म्हणाली, "अगं, त्या म्हणाल्या होत्या की. उचलली, पुस्तकावर ठेवली." टेबल पुसायला त्यांनी पाकीट उचललं आणि जर्नलच्या गठ्ठ्यावर ठेवलं. गठ्ठा उचलताना ते आत सरकलं आणि स्टाफरूमला जाऊन आलं. 'उचललं' म्हणजे 'चोरलं' हा अर्थ आमच्या मराठीतला. त्यांच्या मराठीत उचलणं म्हणजे फक्त उचलणं. केसचं उत्तर पहिल्याच दिवशी, दुसऱ्याच वाक्यात होतं. आम्ही एकच वाक्य ऐकलं.

आणि मी? इतक्या कथा वाचलेली मी. ज्याच्यावर सगळ्यांचा पहिला संशय जातो त्याने गुन्हा केलेला नसतो, हे ख्रिस्तीबाईंनी मला वीस-पंचवीस वेळा तरी शिकवलंय. मी त्या घोळक्यात मागे उभी होते आणि मलाही वाटलं होतं की हो, मावशींनीच घेतलं. नववा दिवस उजाडला तेव्हा मावशी परत आल्या, कारण महिना भरायचा होता. कोणी सॉरी म्हटलं नाही. मी "मावशी, चहा घेणार का?" एवढंच विचारलं. त्या नाही म्हणाल्या.

ही कथा मी माझ्या टेस्टला लावून बघितली. पुण्याच्या हॉस्टेलमध्ये ठेवली, विरारला ठेवली. दोन्हीकडे कोसळते. ती फक्त इथेच घडू शकते. म्हणून मला वाटतं, सोलापूरची रहस्यकथा कोणा कीटिंगने नकाशा बघून लिहायची वाट बघू नये. इथल्याच कोणीतरी लिहावी, आणि तिच्यातल्या इन्स्पेक्टरला निदान तेलुगू यावी.

मी सुरुवात केली आहे. अकरा पानं झाली आहेत आणि गाडी जबानीपाशी अडली आहे, कारण साक्षीदार बाई तेलुगूत बोलतात आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ज्यांना येतं त्यांनी मेसमध्ये मला गाठावं. बदल्यात झुंजारची सहा पुस्तकं वाचायला मिळतील, कव्हर मात्र जपून. रीडिंग रूमच्या कपाटातला खालचा खण रिकामा आहे, रेक्टर मॅडमनी परवानगी दिली तर परीक्षेनंतर ती तिथेच ठेवेन. (मॅडम, सुरुवातीचा पॅरा वाचूनही दिली तर.)

जबानीसाठी परवा मावशींनाच विचारलं. म्हटलं, मी सांगते ते तुमच्या भाषेत कसं म्हणतात ते सांगाल का? त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आदी फरशी वाळू दे. मग सांगतो."